रुखवतातलं वाकडं घर

आमच्याकडे लग्नात एक टेबल खोटं बोलायला मांडलेलं असतं. त्याला रुखवत म्हणतात. कार्यालयाच्या एका कडेला चकचकीत कापड अंथरायचं, त्यावर नवरीच्या हातच्या वस्तू मांडायच्या आणि मुलाकडच्या बायकांनी त्या बघून नवरीचं कौतुक करायचं, असा रिवाज. वस्तू नवरीच्या हातच्या नाहीत हे बघणाऱ्यांना माहीत असतं, दाखवणाऱ्यांना तर असतंच. माझ्या रुखवतातले लोकरीचे पोपट माझ्या मावशीने भरले होते. मावशीच्या रुखवतातला ताजमहाल तिच्या शेजारणीने भरला होता. पुढे माझा हात बसला तेव्हा गावातल्या कितीतरी पोरींची तोरणं आणि चित्रं मी भरली आणि त्या त्या टेबलाशी उभी राहून "पोरीच्या हातात कला हाय हो" असं मोठ्याने मीच म्हटलं. कुणी हसलं नाही. टेबल त्यासाठीच असतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. हातातून पुस्तक गेलं आणि सुई आली. लोकरीचं भरतकाम मला येतं. ताठ जाळीचं कापड घ्यायचं आणि त्याच्या भोकाभोकांतून जाड लोकर तिरकी ओढत जायची, की हळूहळू चित्र उभं राहतं. यात बुद्धी लागत नाही. बूड एका जागी टेकवून बसता आलं पाहिजे, एवढंच. हल्लीच्या माणसांना तेच अवघड जातं.

माझी नात पुण्याला कंपनीत कामाला आहे. काय काम करते ते तिने मला बऱ्याचदा समजावलं. मला कळलं नाही. तिच्या आईला, म्हणजे माझ्या सुनेलाही, कळलेलं नाही, पण ती मान हलवते. या नातीचं लग्न ठरलं. स्थळ नगरचं. गावाचं नाव आता बदललं, पाट्याही बदलल्या, पण आमच्या मिरजगावच्या थांब्यावर कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो, म्हणून मीही तसंच म्हणते. मुलाची आई शाळेत शिकवायची, आता घरी असते. बाई स्वच्छ बोलणारी. साखरपुड्याच्या पंगतीत तिने आमच्या सुनेला सांगितलं, "रुखवताच्या भानगडीत पडू नका हं. आजकाल सगळं दुकानाचं असतं. मुलींना सुईत दोरा ओवता येत नाही. मी तर ते टेबल बघायलासुद्धा जात नाही."

बोलणं भल्याचंच होतं, आमची दगदग वाचावी म्हणून. पण नात समोर बसली होती, तिचा घास हातातच राहिला.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "आज्जी, मला शिकव. रुखवतात एक तरी वस्तू माझ्या हातची ठेवायची. आणि त्यात तू एक टाका घालायचा नाहीस."

"आगं, मी आठवड्यात भरून देते की. तुजंच म्हणू."

"तेच नकोय ना."

"सगळी तसंच करत्यात."

"म्हणूनच नकोय. त्यांनी बघून म्हटलं पाहिजे की हे हिनं केलंय. खरंच केलंय."

मला वाटलं, ताप आहे, उतरेल. मागे तिला पळायचा ताप आला होता. तेव्हा घेतलेले बूट आता तिचा बाप शेतात घालतो.

हा ताप उतरला नाही. पंधरवड्यात कुरियरवाला दारात उभा. "आज्जी, ओटीपी सांगा." मी म्हटलं, माझ्याकडे तसलं काही नाही, हवं तर चहा घे. मग सुनेने आतून फोन आणून आकडे सांगितले. खोक्यात जाळीचं कापड होतं आणि त्यावर चित्र आधीच छापलेलं. लोकर रंगारंगाने वेगळी, प्रत्येकीला नंबर. कुठल्या भोकात कुठला रंग, हेसुद्धा छापलेलं. आमच्या वेळी शेजारणीकडचं चित्र समोर ठेवून टाके मोजावे लागायचे आणि शेजारीण आपलं चित्र संध्याकाळी परत मागायची. इथे डोकं चालवायची काही सोयच ठेवली नव्हती.

चित्र एका घराचं होतं. लाल छप्पर, धुराडं, आणि चहूबाजूंनी बर्फ.

"हे कुणाचं घर?" मी विचारलं.

"कुणाचंच नाही गं. डिझाईन आहे."

"मग आपण कशाला भरायचं? आपलं घर भर. म्होरं टेम्पो, मागं गोठा."

"त्याचं किट मिळत नाही, आज्जी."

त्यानंतर दुसरं खोकं आलं, मग तिसरं. बगळ्याच्या आकाराची कात्री. सुई हरवू नये म्हणून चिमणीच्या आकाराचं लोहचुंबक. सुईत लोकर ओवायची पत्र्याची पट्टी, लोकर गुंडाळायच्या चकत्या, चकत्या ठेवायची डबी आणि ती डबी ठेवायची फुलाफुलांची पिशवी. शिवाय गळ्यात अडकवायचा दिवा, त्याला भिंग. अजून एक टाका पडलेला नव्हता. तिच्या फोनवर भरतकाम करणाऱ्या बायकांचा एक गट आहे. त्या दिवसभर एकमेकींना वस्तू दाखवतात. भरलेलं कमी, आणलेलं जास्त. नात म्हणाली, "याला स्टॅश म्हणतात आज्जी. सगळ्यांकडे असतो."

"आमच्यात याला पसारा म्हनत्यात," मी म्हटलं.

दिवा मात्र मी ठेवून घेतला. गळ्यात घालून तांदूळ निवडायला फार चांगला आहे.

ती शनिवार-रविवारी यायची आणि आम्ही ओसरीवर बसायचो. पोरीच्या हाताला ओढ फार. टाका असा खेचायची की जाळीचं भोक मिटून जायचं. मी म्हणायची, "सैल सोड. ती लोकर हाय, बैलाचा कासरा न्हाई." मग इतका सैल सोडायची की बोट अडकायचं. उसवायची, पुन्हा घालायची. एकदा मी नुसती सुई सरळ करायला हात पुढे केला, तर तिने कापड छातीशी धरलं. "आज्जी, हात नाही लावायचा." मी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसले. दुसऱ्याचं वाईट काम गप बसून बघणं हे मी आयुष्यात फारसं केलेलं नाही. ते भरतकामापेक्षा अवघड आहे.

पुण्याहून ती मला रोज फोटो पाठवायची. छप्पर एवढं झालं, धुराडं एवढं झालं. कंपनीच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली भरते म्हणाली. मी विचारलं, मग मीटिंगमध्ये कोण असतं? म्हणाली, सगळे टेबलाखाली काहीतरी करतच असतात.

माझी सून या सगळ्यावर नाराज. "नखं तुटाया लागली तिची. मेंदीत दिसंल." तिने नगरहून अख्खं रुखवत भाड्याने ठरवून टाकलं होतं. सोनेरी कागदाची बैलगाडी, थर्मोकोलची विहीर, टॉवेलचे हंस, सुपारीचे नवरा-नवरी. दुकानदाराने फोनवर फोटो पाठवले. ती बैलगाडी मी आधीच्या उन्हाळ्यात कर्जतच्या एका लग्नात पाहिली होती. तेव्हाही तिचं एक चाक ढिलं होतं. सुनेला सांगितलं तर म्हणाली, "तुमची नजर भलतीकडंच असती, आत्या."

छप्पर अर्ध्यावर आलं आणि लाल लोकर संपली. उसवून उसवून वाया घालवली होती. किटवाल्यांना तिने मेल केला. त्यांनी उत्तर दिलं की सुटा रंग देत नाही, नवीन किट घ्या. मग गावी येता येता ती नगरला उतरली आणि बाजारातून लाल लोकर घेऊन आली. रंग बराचसा जुळत होता.

"पक्का हाय का?" मी विचारलं.

"दुकानदार म्हणाला, एकदम पक्का."

"त्यो दुसरं काय म्हननार? ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बग."

"अगं आज्जी, फ्रेम करायची आहे. ती कोण धुणारे?"

लग्नाला आठवडा उरला तेव्हा घर पूर्ण झालं. तिने शेवटचा टाका घातला, लोकर बगळ्याच्या कात्रीने कापली आणि कापड जमिनीवर पसरलं. कापड चौकोनी राहिलं नव्हतं. एका अंगाला कलंडलं होतं. घर, धुराडं, सगळंच डावीकडे झुकलेलं, जणू तिकडून कुणी हाक मारली आहे. हे होणारच होतं. सगळे टाके एकाच बाजूला तिरके असतात, ते कापडाला ओढतात. त्यातून हिचा हात ओढीचा. आमच्यात यावर उपाय सोपा आहे. इस्त्रीच्या कपड्यावर मारतो तसा पाण्याचा शिपका मारायचा, कापड बाजेला चारी बाजूंनी सुतळीने ताणून बांधायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. तिला तसं सांगून मी गिरणीत दळण आणायला गेले.

गिरणीत वीज गेली होती, म्हणून वेळ लागला. परत आले तर नात न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलेली. समोर बादली. बादलीतलं पाणी गुलाबी.

"व्हिडिओत भिजवायचं म्हणाली होती ती बाई," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, जास्त भिजलं तर जास्त सरळ होईल."

किटमधली लाल लोकर जशीच्या तशी होती. नगरची लाल लोकर बर्फात उतरली होती. छपराच्या उजवीकडचा सगळा बर्फ गुलाबी, जसं काय तिथं रंगपंचमी झाली. आम्ही दोघींनी ते कापड बाजेला ताणून बांधलं. वाळल्यावर घर थोडं सावरलं, पण थोडंच. रंग काही परत गेला नाही.

नात रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. नुसतं म्हणाली, "आज्जी, हे ठेवलं तर चालेल का?"

"चालंल का म्हंजे? तू केलंस ना? मग हे हाय ते हाय."

दुसऱ्या दिवशी ती मेंदी ठरवायला बाईकडे गेली, तेव्हा सून माझ्यापुढे येऊन बसली. हातात नवं जाळीचं कापड आणि लोकरीचे गुंडे. कुठून आणले कोण जाणे. "आत्या, तुमी दुसरं भरा. तुमच्या हाताला काय येळ लागतो? ल्हानसं भरा, मोर-बिर काढा. हे असलं टेबलावर ठिवलं तर विहीणबाई काय म्हनतील? आधीच मास्तरीण."

"तिला दिलेला शबूद हाय. मी टाका घालनार न्हाई."

"तिला कुठं कळतंय तुमचा टाका का तिचा टाका!"

"तिलाच कळंल. बाकी कुनाला न्हाई कळलं तरी."

सून उठली. जाताना म्हणाली, "मग ते हरवलं तरी बरं." ते हरवू नये म्हणून मी कापड माझ्या उशीखाली घातलं आणि सकाळी फ्रेमवाल्याकडे स्वतः नेऊन दिलं. गावातला फ्रेमवाला देवांच्या आणि गेलेल्या माणसांच्या तसबिरी करतो. त्याने चित्र उलटसुलट बघितलं. "आज्जी, वर हार आडकवायला खिळा ठिवू का?"

"अजून कुनी गेलं न्हाई," मी म्हटलं. "लग्न हाय."

लग्न हायवेवरच्या कार्यालयात होतं. सकाळी दुकानाची माणसं रुखवत मांडून गेली. मधोमध बैलगाडी, चाकाला नवी टाचणी. फ्रेम सुनेने बैलगाडीच्या मागे उभी केली. ती आत गेल्यावर मी फ्रेम पुढे आणली. मी पंगतीची सोय बघून आले, तर फ्रेम पुन्हा बैलगाडीच्या मागे. पुन्हा पुढे आणली. सकाळभर ते घर असं मागे-पुढे करत होतं आणि सून आणि मी एकमेकींशी अगदी गोड बोलत होतो.

अक्षता पडल्या. नवरा-नवरी फोटोसाठी स्टेजवर बसली. नातीचं लक्ष फोटोवाल्याकडे कमी आणि टेबलाकडे जास्त. फोटोवाला सारखा म्हणत होता, "ताई, इकडं बघा." टेबल न बघणाऱ्या विहीणबाईंना त्यांच्या जावेने आणि नणंदेने ओढत आणलं. विहीणबाई विहीर बघून हसल्या, हंस बघून हसल्या. बैलगाडीला म्हणाल्या, "छान आहे हो, मुलीच्या हातात कला आहे." माझ्या शेजारी सून खुलली. मग त्यांची नजर फ्रेमवर गेली. ती त्या वेळी पुढे होती. माझी पाळी होती.

त्यांनी मान किंचित डावीकडे झुकवली, घर सरळ दिसावं म्हणून. "हे कुणी भरलंय?"

माझं तोंड उघडायच्या आत सून बोलली. "आमच्या आत्यांनी. वय झालं ना आता. दिसत न्हाई त्यांना, पन हौस लई."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. त्यांच्या तोंडावर दया आली. नणंद म्हणाली, "वयाच्या मानानं छानच आहे हो आजी." जावेने माझ्या हातावर हात ठेवला. "बसून राहण्यापेक्षा बरं असतं."

मला आधी कळेचना की झालं काय. भाड्याची बैलगाडी नवरीच्या नावावर, थर्मोकोलची विहीर नवरीच्या नावावर, आणि सगळ्या टेबलावर नवरीने खरोखर केलेली एक वस्तू, ती माझ्या नावावर. वर माझे डोळे गेलेले.

तेवढ्यात नात स्टेजवरून उठून आली. शालू गोळा करून, मुंडावळ्या एका कानावर. नवरा एकटाच फोटोला बसलेला. "ते आज्जीनं नाही केलं. मी केलंय."

"आगं बस जा, मुंडावळ्या सुटतील," सून म्हणाली.

"मी केलंय," नात विहीणबाईंना म्हणाली.

विहीणबाई हसल्या, अगदी मायेने. "हो गं बाई, तूच केलंस. सगळं तूच केलंस." आणि तिच्या गालाला हात लावला.

पोरीचा चेहरा उतरला. त्या हसण्याचा अर्थ तिला कळला. रुखवताच्या टेबलाशी नवरी "मी केलंय" म्हणते, सासू "हो हो" म्हणते आणि दोघी जेवायला जातात. हे असंच चालत आलं आहे. इथे नवरीच्या शब्दाला किंमत नाही. नातीने माझ्याकडे पाहिलं. पण शब्द माझाही काय कामाचा? मी "नातीनं केलंय" म्हटलं असतं, तर तेही टेबलावरचंच बोलणं झालं असतं. दर लग्नात मी तेच म्हणत आले होते.

म्हणून मी ते म्हटलं नाही. मी फ्रेम उचलली आणि विहीणबाईंच्या नाकासमोर धरली.

"विहीणबाई, नीट बगा. हे घर कलंडलंय. ह्यो टाका आवळलाय, ह्यो सैल पडलाय. हितं तर तीन भोकं सुटल्यात. लाल रंग बर्फात उतरलाय. मी पन्नास वर्सं भरते. माज्या हातनं असलं घान काम एकदा तरी झालंय का, इचारा ह्या बायांना."

आमच्या गावच्या बायका मागे उभ्याच होत्या. त्यांच्यातल्या एकीच्या रुखवतातला राजहंस मी भरला होता. तिने तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, "न्हाई बाई. आज्जीच्या हातचं असं न्हाई. आज्जीचं एक भोक चुकायचं न्हाई." दुसरी म्हणाली, "हे आज्जीचं म्हनलं तर आज्जी आपल्याला उभं ऱ्हाऊ द्यायची न्हाई दारात."

विहीणबाईंनी पर्समधून चष्मा काढून लावला. फ्रेम उजेडाकडे नेली आणि बराच वेळ बघत राहिल्या. शाळेत वह्या तपासताना असंच बघत असतील. मग चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं. आपल्या नव्या सुनेकडे.

"बर्फ गुलाबी कसा झाला गं?"

"बादलीत बुडवलं," नात म्हणाली.

"बादलीत? लोकर? रंग आधी तपासला नाहीस?"

"दुकानदार म्हणाला पक्का आहे."

"आणि तू ऐकलंस! पाच मिनिटं ओलं फडकं घासायला काय झालं होतं? आणि हा टाका बघ, सुई वरून खाली घेतलीस की खालून वर?"

"कधी वरून, कधी खालून."

"म्हणूनच!"

आणि बाई सुरू झाल्या. जेवणाची हाक आली तरी थांबल्या नाहीत. नवी सून शालूत उभी, मुंडावळ्या कानावर, आणि सासूची बोलणी खातेय. असा आनंदी चेहरा मी कुठल्याच नवरीचा पाहिला नाही. "अहो आई, पण तिथे नंबर चुकीचा छापला होता," असं मध्ये मध्ये उलट बोलतही होती. माझी सून कपाळाला हात लावून बैलगाडीजवळ उभी. मला म्हणाली, "घान म्हनला तुमी. पावन्यांत. सोताच्या नातीच्या कामाला."

"घानच हाय," मी म्हटलं.

दुपारी पाठवणीच्या आधी दुकानाचा टेम्पो आला आणि विहीर, हंस, बैलगाडी, सुपारीचे नवरा-नवरी, सगळं उचलून घेऊन गेला. त्याच दुकानाचं दुसऱ्या दिवशी श्रीगोंद्याला लग्न होतं. फ्रेम विहीणबाईंनी आधीच स्वतःच्या ताब्यात घेतली होती. गाडीत बसताना त्यांनी ती नातीच्या मांडीवर दिली. काच सांभाळ म्हणाल्या.

नात रीतीप्रमाणे रडली. तिची आई रडली. मी गाडीच्या खिडकीशी गेले तेव्हा तिने डोळे पुसले आणि हळू आवाजात म्हणाली, "आज्जी, एवढं वाकडं वाकडं म्हणायची काय गरज होती? गावभर झालं."

"मग? बेस्ट हाय म्हनले असते, तर तुजं मानलं असतं कुनी?"

तिने फ्रेमकडे बघितलं. "तीन भोकं नव्हती सुटली," ती म्हणाली. "दोनच सुटली होती."

"तीन हायत. धुराड्यामागं बग," मी म्हटलं, आणि गाडी निघाली. काच खाली केलेली होती. वळणापर्यंत मला दिसत होतं, ती खाली मान घालून मोजत होती आणि विहीणबाई शेजारून बोट दाखवत होत्या.